"कधी रांगेत उभ्या राहिलाय का?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'एक करदाता',

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर टाईप करायला घेतलं होतं, पण रागाच्या भरात काहीतरी भलतंच लिहिलं गेलं असतं म्हणून मोबाईल बाजूला ठेवला. दोन दिवस झाले, राग काही गेलेला नाही, पण निदान शब्द तरी सुचायला लागलेत.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या माहेरी, कोल्हापूरजवळच्या हुपरीला, शेजारी एक आक्का राहतात. वय सत्तरीच्या पुढं, नवरा नाही, मूल नाही, अंत्योदयचं म्हणजे सगळ्यात गरिबांसाठीचं पिवळं कार्ड, आणि त्या कार्डावर नाव एकट्या त्यांचंच. रेशन दुकानात आधारवरच्या ठशाशी अंगठा जुळवून बघणारं ई-पॉस मशीन असतं, त्याच्यावर त्यांचा अंगठा लागत नाही म्हणून दोन महिने त्यांना धान्य मिळालं नाही. असं मी लिहिलं होतं, आणि अशा थोड्या कार्डांना वहीत नोंद करून धान्य द्यायला काय अडचण आहे असं विचारलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की शिकलेल्या लोकांना प्रत्येक सरकारी सुधारणेत खोट काढायची सवय लागलीय, मशीनमुळं बोगस कार्डं गेली आणि काळाबाजार थांबला, एका म्हातारीवरून अख्खी सिस्टिम वाईट ठरवता येत नाही, ओटीपीची सोय असते एवढंही मला माहीत नाही, आणि शेवटी, "तुम्ही स्वतः कधी रेशनच्या रांगेत उभ्या राहिलाय का, की नुसतं पंख्याखाली बसून लिहिताय?"

आधी एक चूक कबूल करते. अंत्योदयला माणशी ३५ किलो असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. अंत्योदयला महिन्याला कार्डामागं ३५ किलो धान्य मिळतं, आणि माणशी ५ किलो हे प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे अंत्योदयच्या खालोखालच्या गटाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तसंच आहे. लेखात दुरुस्ती केलीय, चूक दाखवल्याबद्दल धन्यवाद. आक्का एकट्याच असल्यामुळं त्यांच्या बाबतीत हिशेब तोच येतो, पण चूक ती चूक.

आता त्या रांगेबद्दल.

माझा जन्म १९७४ चा. चौथीत असल्यापासून घरचं रेशन आणायचं काम माझ्याकडं होतं, कारण वडील चांदीच्या भट्टीवर आणि आई पैंजणाच्या कड्या जोडायला बसलेली. रॉकेलची गाडी येणार म्हणलं की पहाटे जाऊन डबा ठेवायचा, डब्याला फडक्याची चिंधी बांधायची म्हणजे आपला ओळखू येतो, आणि शाळेची वेळ झाली की शेजारच्या काकूंना सांगून पळायचं. डबा नसला तर नंबराला दगड ठेवायचे लोक. ते निळं रॉकेल, त्याचा वास हाताला दिवसभर राहायचा, वर्गात शेजारची मुलगी सरकून बसायची. साखर आली की गहू नाही, गहू आला की दुकान बंद, दुकान उघडं असलं की शटर अर्ध्यावर आणि आतून आवाज, "माल संपला." दिवाळीला पामतेल येणार म्हणून तीन दिवस हेलपाटे घातलेत मी. दुकानदार कार्डावर जे लिहायचा ते आणि पिशवीत जे पडायचं ते कधी जुळायचं नाही, आणि आई मला सांगायची की गप घेऊन ये, बोललीस तर पुढच्या महिन्यात तेवढंही देणार न्हाई. त्यामुळं काळाबाजार म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, मी त्याच्या रांगेत लहानाची मोठी झालेय. मशीन आल्यावर मला बरंच वाटलं होतं आणि आजही मी मशीन काढून टाका असं म्हणत नाही. मूळ लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हे लिहिलेलंच आहे, पण तिथपर्यंत तुम्ही वाचलं असेल असं वाटत नाही.

आणि पंख्याचं म्हणाल तर आमच्या त्या घरात पंखा मी नोकरीला लागल्यावर आला, माझ्या तिसऱ्या पगारातून. आज मी एका संस्थेत कारकून आहे, कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहते, हे सगळं मी इथं का सांगत बसलेय मलाच कळेना, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगावं लागतंय. रेशनबद्दल लिहायचं असेल तर आधी आपली गरिबी दाखवा, हा कुठला नियम?

बोटांबद्दल बोलते, कारण मुद्दा बोटांचाच होता आणि त्याच्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या बाईचा हात तुम्ही कधी हातात घेऊन बघितला नसेल. कड्या जोडायच्या, घुंगरं बसवायची, तारेची टोकं बोटानं दाबायची, माल रिठ्याच्या पाण्यात घासायचा, हे चाळीस-चाळीस वर्षं. बोटाची कातडी गुळगुळीत होते, आरशासारखी. मशीनला बोटावरच्या उंच रेघा आणि त्यांच्यामधल्या खाचा वेगवेगळ्या दिसाव्या लागतात, तरच ठसा उमटतो. रेघ झिजली की काचेवर नुसता एक डाग उमटतो. वय झालं की कातडी सुकते, ते वेगळंच. हे फक्त चांदीवाल्यांचं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तेच, गुऱ्हाळावर राबणाऱ्यांचं तेच, कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपला शिवणाऱ्यांचं तेच, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. म्हणजे ज्याचा हात जास्त राबला त्याचा अंगठा मशीनला ओळखू येत नाही, आणि रेशनची गरजही नेमकी त्यालाच. मला हे सहन होत नाही, म्हणून लिहिते.

माझी आई आता नाही. तिचं आधार काढताना ऑपरेटरनं पाच वेळा ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसली होती, शेवटी म्हणाला, "मावशी, जोरात दाबा." आई घरी येऊन हातांकडं बघत बसली आणि म्हणाली, "माझं बोट माझं न्हाई म्हणतंय व्हय गं ते मशीन?" हे वाक्य मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही, 'करदाता'साहेब.

तुम्हाला एकच म्हातारी दिसली. बरं. २०१८ साली सुप्रीम कोर्टात आधारची सुनावणी चालू असताना खुद्द यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी सांगितलं होतं की सरकारी सेवांत ऑथेंटिकेशनचा, म्हणजे ओळख जुळण्याचा, सक्सेस रेट ८८ टक्के आहे. म्हणजे तेव्हा शंभर वेळा विचारलं तर बारा वेळा मशीन नाही म्हणत होतं. बारा वेळा म्हणजे बारा माणसं नव्हेत, आणि ऑथेंटिकेशन फेल झालं म्हणजे सेवा नाकारली असं नाही असंही त्यांचं म्हणणं आहे, ते मला मान्य आहे. पण मग सेवा मिळाली पाहिजे ना! केंद्र सरकारचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे, आधार नाही म्हणून किंवा मशीनवर जुळलं नाही म्हणून कुणाला रेशन नाकारायचं नाही, दुसऱ्या पद्धतीनं ओळख पटवून द्यायचं. हा माझ्या पदरचा नियम नाही, ज्या सरकारची बाजू तुम्ही घेताय त्याच सरकारचा आहे. आक्कांच्या दुकानात हे परिपत्रक कुणी बघितलेलं नव्हतं. मी १९६७ या रेशनच्या हेल्पलाईन नंबरला फोन लावायला सांगितलं तर दुकानदार म्हणाला, "तुम्हीच लावा, माझ्याकडं अजून शंभर कार्डं हायत."

त्यालाही मी वाईट म्हणत नाही, मशीन अडलं की शिव्या त्यालाच खाव्या लागतात. पण दुकानाच्या हिशेबात काय दिसतं बघा. आक्का दोनदा चालत गेल्या, तीन-तीन वेळा अंगठा दिला, पिशवी रिकामी घेऊन परत आल्या. आणि महिन्याच्या शेवटी त्यांच्या नावापुढं दिसणार काय, तर धान्य उचललं नाही. म्हणजे जणू त्यांना नकोच होतं. मग कुणीतरी वरती बसून म्हणणार की बघा, एवढे लोक धान्य उचलत नाहीत, म्हणजे ते बोगसच असणार. तुमचा बोगस कार्डांचा जो मुद्दा आहे त्यावर मी एवढंच म्हणेन, बाकी त्यात शिरत नाही, कारण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. आणि मशीननं माणूस खरा की खोटा ते कळतं, पिशवीत चार किलो कमी पडलं ते त्याला कळत नाही, हेही रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही माहीत असतं.

ओटीपी. आक्कांच्या आधारला लिंक असलेला नंबर त्यांच्या पुतण्याचा, पुतण्या इचलकरंजीत, ते सीम बंद होऊन कितीतरी दिवस झाले. नंबर बदलायला आधार केंद्रावर गेलं तरी तिथंही पुन्हा ओळख पटवायचीच. नव्या मशीनला डोळ्याचं स्कॅनर असतं हेही मला माहीत आहे, आक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. अजून काही सुचवायचं असेल तर सुचवा, मी खरंच विचारतेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही कोल्हापुरात होता का? पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. लाईट नाही, नेटवर्क नाही, चिखलीपासून शिरोळपर्यंत माणसं शाळांत आणि मंगल कार्यालयांत. आम्ही ज्या शाळेत मदतीला होतो तिथं धान्य कसं वाटलं माहितीय? वहीत नाव लिहून, गावातल्या दोन माणसांनी हा आमचाच म्हणून सांगितलं की झालं. कुणी दोनदा नेलं असेल का? नेलंही असेल एखाद्यानं. पण उपाशी कुणी परत गेलं नाही. हेच गाव, हीच माणसं, तीच वही अजून मिळते दुकानात. महिन्यातून पाच-दहा कार्डांसाठी ती उघडायला काय अडचण आहे एवढंच मी विचारलं होतं, त्यात तुम्हाला सुधारणेचा विरोध दिसला. ज्या कोल्हापूर संस्थानात १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, तिथं राहून आपण हे बोलतोय याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि ते नाव. 'एक करदाता.' स्वतःचं नाव न देता दुसऱ्याला पंख्याखाली बसलेय म्हणायचं, हे मला पटलं नाही, स्पष्ट सांगते. शिवाय करदाते तुम्ही एकटेच नाही. आक्का साबणाची वडी घेतात तेव्हा त्याही कर भरतात, आणि तो भरताना त्यांना कुणी अंगठा मागत नाही. त्यांना म्हातारी म्हणालात तेही मला आवडलेलं नाही. तुमच्या घरातल्या कुणाला मी तसं म्हणलं असतं तर?

आक्कांचं धान्य अजून मिळालेलं नाही. येत्या रविवारी मी त्या परिपत्रकाची प्रिंट घेऊन हुपरीला चाललेय, दुकान सकाळी नऊला उघडतं असं म्हणतात, आम्ही आठलाच जाऊन थांबणार. तुम्ही कोल्हापूरचेच दिसताय, तर या. रांगेत माझ्या मागं उभे राहा.