तुझं प्रोफाइल बघून सांगतो

आयआयएममध्ये एमबीएला नंबर लागेल का, असं विचारतोस ना? मग दहावी किती, बारावी किती, डिग्रीला किती? एवढं सांग. बाकी तुझ्याबद्दल जाणून घेण्यासारखं सध्या काही नाही. मेकॅनिकल शिकून तू हिंजवडीच्या आयटी कंपनीत जावात प्रोग्रॅम लिहितोस, रात्री अडीचला कुठल्यातरी परदेशी बँकेची सिस्टीम झोपली की उठून तिला जागं करतोस, हे सगळं आपण सवडीने बघू. आधी आकडे. ९/८/७, म्हणजे नव्वदीत, ऐंशीत, सत्तरीत? छान. चेहरा पाडू नकोस, प्रोफाइल वाईट नाही. फक्त सकाळी वाकड पुलाखाली कंपनीच्या बसची वाट बघणारी अर्धी रांग ९/८/७ आहे.

दहावीचे नऊ म्हणजे नक्की किती, ते मात्र मार्कशीट काढून बघ. पेढे वाटले ती टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हची होती. आयआयएमला सगळे विषय लागतात. सहाशेपैकी ५४१ असतील तर ९०.१७ टक्के, ५३९ असतील तर ८९.८३. अहमदाबाद आयआयएमच्या कोष्टकात बरीच वर्षं नव्वदच्या वर गेलेल्याला दहापैकी दहा आणि ऐंशी ते नव्वदमधल्या सगळ्यांना सरसकट आठ मिळत आले आहेत. म्हणजे ८९.८३ वाला तू आणि ८०.१७ वाला तो बाकावरचा सोबती, ज्याला तू गणिताचा पेपर दाखवलास, दोघे सारखेच. पंधराव्या वर्षी भूमितीच्या पेपरात तू सिद्धता लिहिलीस आणि 'पक्ष' लिहायला विसरलास, त्या क्षणी देशाच्या कॉर्पोरेट नेतृत्वातली एक खुर्ची दुसऱ्याच्या नावावर झाली. आई सांगत होती, चित्रकलेच्या इंटरमिजिएटला बस, वाढीव गुण मिळतात. तू क्रिकेट खेळत बसलास. आता भोग.

संस्थेला दोष देऊ नये. लाखो माणसांतून मोजकी निवडायची तर रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि मार्कांवर मारलेली रेघ सरळ येते. माणसावर मारायला गेलं की वाकडी होते.

आता कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा. नोव्हेंबरअखेरचा रविवार, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय चुकला तर १ वजा. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, तुला ९९ पर्सेंटाईल पडले (शंभरातले ९९ जण तुझ्या मागे) आणि तू टीमला समोसे दिलेस, असं कानावर आलं. २०२४ साली कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार जण बसले होते. त्याचा एक टक्का काढ, इंजिनियर आहेस. तुझ्यापुढे जवळजवळ तीन हजार माणसं उभी आहेत आणि अहमदाबादच्या दोन वर्षांच्या मुख्य कोर्सला जागा चारशेच्या आसपास. त्या वर्षी शंभर पर्सेंटाईलवाले चौदा निघाले, त्यांतले तेरा इंजिनियर. नातेवाइकांना मात्र ९९ म्हणजे शंभरातले ९९ गुण वाटतात. तो गैरसमज दूर करू नकोस; या सगळ्या प्रकरणातलं तेवढंच निर्भेळ सुख आहे.

शिवाय तू जेम आहेस. जनरल, इंजिनियर, मेल. यात तुझा दोष नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली, आणि महाराष्ट्रात साखर कारखान्याच्या शेजारी, उसाच्या फडाला लागून कॉलेजं उभी राहिली. घरटी एक इंजिनियर तयार झाला. कारखाने तेवढे तयार झाले नाहीत, म्हणून यंत्र शिकलेली पोरं संगणकाकडे गेली आणि संगणकाला कंटाळलेली मॅनेजमेंटकडे. वर्ग आधीच तुझ्यासारख्यांनी भरलेला असल्यामुळे तुला आत घेणं जड जातं. तुझा खरा प्रतिस्पर्धी तूच आहेस, फक्त हजारो प्रतींत.

वर्गात वैविध्य यावं म्हणून बऱ्याच आयआयएम मुलींना आणि बिगर-इंजिनियरांना थोडे जादा गुण देतात. यावर तू चिडणार आणि कॅन्टीनमध्ये मेरिटवर व्याख्यान देणार. जरूर दे. त्याआधी मेकॅनिकलच्या साठ जणांच्या वर्गात मुली किती होत्या, तेवढं आठव. (हे वाक्य उपरोधाने लिहिलेलं नाही.)

तेव्हा उरतं एकच: प्रोफाइल 'बिल्ड' करणं. तू म्हणतोस, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. अरे, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी कोण गोळा करत होतं? पावतीपुस्तक घेऊन चार मजले चढलास, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी 'आधी गेल्या वर्षीचा हिशेब दाखवा' म्हणून दार लावून घेतलं, तू खाली येऊन अध्यक्षांना आणलंस, अध्यक्षांनी आजोबांना आरतीचा मान दिला आणि पाचशे एक रुपये सुटले. याला फंडरेझिंग, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट आणि कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन म्हणतात. तीन ओळी झाल्या. ढोल पथकात होतास? 'मोठ्या चमूत समन्वय, कडक डेडलाइन.' विसर्जन मिरवणुकीला डेडलाइन असते, हे मात्र मुलाखतीच्या पॅनेलमध्ये पुणेकर नाही ना बघून म्हण. शिवाय एका शनिवारी कुठल्यातरी शाळेत जाऊन मुलांना वह्या वाट आणि फोटो काढ. वह्या दोनशे पानी असाव्यात. फोटोत दिसतं.

अनुभवाचंही गणित आहे. अहमदाबाद-बंगळूरच्या हिशेबात छत्तीस महिन्यांपर्यंत अनुभवाचे गुण वाढतात, त्यापुढे वाढत नाहीत. म्हणजे चौथ्या वर्षी तू जे काही शिकशील ते निव्वळ स्वतःच्या हौसेखातर. त्या छत्तीसांतले सात महिने तू बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून होतास, हे अनुभवाच्या पत्रात येत नाही. एचआरचं पत्र फार उदार असतं. नोकरीत असताना तुला कधी मिळाले नाहीत असे शब्द त्यात तुझ्याबद्दल असतात.

आणि मग ती खोली, ते टेबल, पलीकडे दोन प्राध्यापक. 'व्हाय एमबीए?' खरं उत्तर तुला ठाऊक, मला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. साडेतीन लाखांचं पॅकेज, जे दहा वर्षांपूर्वी सीनियरलाही तेवढंच होतं; पहिल्या अप्रेझलला पगार किती वाढला तो आकडा घरी अजून सांगितलेला नाही; आणि स्थळांकडून 'मुलाचं पुढे काय?' अशी चौकशी सुरू झाली आहे. यातलं काहीही बोलायचं नाही. तू म्हणायचं, 'मला तंत्रज्ञान आणि व्यवसाय यांच्यातली दरी सांधायची आहे.' दरवर्षी शेकडो इंजिनियर ही दरी त्याच खोलीत सांधून जातात आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच असते. प्राध्यापक मान डोलावतील आणि विचारतील, 'थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगा.' तो तू पाचव्या सेमिस्टरला सोडून आलास. मग ते म्हणतील, 'सांगलीचे ना? हळदीला भौगोलिक मानांकन कधी मिळालं?' २०१८, लिहून ठेव. 'वाचन' हा छंद टाकला असशील तर आत्ताच खोड.

निवड झालीच तर फी मोठ्या आयआयएमला पंचवीस लाखांच्या वर. काळजी नको, नावाजलेल्या संस्था असतील तर बँका तारणाशिवाय कर्ज देतात. तुझ्या नेतृत्वगुणांवर बँकेचा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. आणि आयआयएम नाहीच झालं तर आपल्या राज्याची सीईटी आहे: दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, चुकीला शिक्षा नाही, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत न वाचलेल्या तीस प्रश्नांना एकच पर्याय ठोकायचा. त्यात चर्चगेटचं जमनालाल बजाज कॉलेज मिळालं, तर तिथली कमी फी ऐकून वडील दोनदा विचारतील, सगळी धरून का?

राहता राहिली रजा. इंटरव्ह्यू फेब्रुवारी-मार्चमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी, आणि तुझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज नेमकं त्याच आठवड्यात. आजारी पडू नकोस, फोन करून लॉगिन करायला लावतील. मॅनेजरला मावसभावाचं लग्न आहे म्हणून सांग. तो लॅपटॉपवरून मान वर करणार नाही, रजा मंजूर करेल, आणि तू दारापर्यंत पोचलास की विचारेल, 'लग्न बंगळूरला आहे की मुंबईला? मुंबईला असेल तर परवा एकत्रच जाऊ.'