राधा कोणी ‘घुसडलेली’ नाही

गेली काही वर्षे गोकुळाष्टमी जवळ आली की एक मजकूर व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरू लागतो. त्याचा आशय असा: महाभारतात, हरिवंशात आणि भागवतात राधा नाही; शिशुपालाने भरसभेत कृष्णाची निंदा केली तेव्हा त्यानेही तिचे नाव काढले नाही; राधा हे पात्र 12व्या शतकात जयदेवाने निर्माण केले आणि मोगल व इंग्रज यांच्या काळात कृष्णाच्या बदनामीसाठी ते धर्मग्रंथांत घुसडण्यात आले; कृष्णाने तर अकराव्या वर्षीच गोकुळ सोडले होते; आणि महाराष्ट्राचा विठोबा रखुमाईचा असल्यामुळे त्याला राधेशी काहीच कर्तव्य नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात कृष्णाविषयी आदरच असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्या देवाविषयी आदर आहे त्याच्या कथेतून एका व्यक्तीला हाकलून देण्यापूर्वी पुरावा पाहायला हवा, आणि तो पाहिल्यावर यातील बहुतेक विधाने टिकत नाहीत.

पहिले विधान शब्दशः खरे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. महाभारतात राधा हे नाव येते ते कर्णाला वाढवणाऱ्या अधिरथपत्नीचे, आणि त्यावरूनच कर्ण ‘राधेय’ झाला. हरिवंशात गोपींबरोबरची क्रीडा आहे, पण राधेचे नाव नाही. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण सर्व गोपींना सोडून एकीलाच बरोबर नेतो, तिची पावले पाहून इतर जणी ‘अनयाराधितो नूनम्’ असे म्हणतात, आणि त्या ‘आराधित’ शब्दात पुढच्या वैष्णव आचार्यांनी राधेचे नाव वाचले. तरीही भागवतकाराने ते उघडपणे लिहिलेले नाही. मात्र महाभारत हे कृष्णाचे चरित्र नव्हे. त्यात कृष्ण प्रथम भेटतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, म्हणजे मथुरा-द्वारकेचा पराक्रमी यादव म्हणून. ज्या ग्रंथाने गोकुळातील दिवस सांगायला घेतलेच नाहीत, त्याच्या मौनावरून गोकुळात कोण होते आणि कोण नव्हते हे ठरवता येत नाही.

शिशुपालाचा दाखला हा या मजकुरातील सर्वांत चतुर भाग आहे. सभापर्वातील त्याच्या भाषणात पूतना आहे, गोवर्धन आहे, मारलेला बैलही आहे, आणि राधा नाही, हे खरे. पण त्या भाषणात एकाही गोपीवरून कृष्णाला दूषण दिलेले नाही. शिशुपालाच्या मौनाने राधा खोटी ठरत असेल, तर त्याच मौनाने रासही खोटा ठरतो, आणि मग महाभारताचेच खिलपर्व, म्हणजे पुरवणी, मानलेला हरिवंश व पाठोपाठ भागवत हेही बाजूला ठेवावे लागतात. असे करण्याची या मजकुराच्या लेखकांची तयारी दिसत नाही, कारण राधा नसल्याचा पुरावा म्हणून ते याच दोन ग्रंथांची नावे घेतात.

आता जयदेवाविषयी. त्याच्या गीतगोविंद या संस्कृत काव्याने राधेला भारतभर पोहोचवले, यात वाद नाही. पण तिची साक्ष त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती आपल्याच मातीत सापडते. हाल सातवाहन या राजाच्या नावे असलेला गाथासप्तशती हा गाथांचा, म्हणजे छोट्या कवितांचा, संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, आणि सातवाहनांची राजधानी होती पैठण. त्याच्या पहिल्या शंभरातील 89वी गाथा अशी आहे: ‘मुहमारुएण तं कण्ह गोरअं राहिआए अवणेन्तो। एताणं बलवीणं अण्णाणं वि गोरअं हरसि॥’ कृष्णा, तोंडाच्या फुंकरीने तू राधिकेच्या अंगावरची गाईंच्या पावलांची धूळ उडवतोस, आणि त्याच फुंकरीने या बाकीच्या गौळणींचा गौरवही उडवून लावतोस. ‘गोरअ’ या एका शब्दात गोरज आणि गौरव असे दोन्ही अर्थ बसवले आहेत. कवी येथे राधिका कोण, ती कृष्णाची काय लागते आणि बाकीच्या गौळणी का रुसतात, यातले काहीही समजावून सांगत नाही. ऐकणाऱ्याला ते सारे आधीच ठाऊक असल्याखेरीज ही कोटी रंगतच नाही. म्हणून गाथा रचली जाण्यापूर्वीच राधेची कथा लोकांच्या तोंडी असली पाहिजे, असे मला वाटते. संग्रहात काही शतके भर पडत गेली, हे अभ्यासक सांगतात. परंतु 7व्या शतकातील बाणभट्ट हर्षचरिताच्या आरंभी सातवाहनाच्या सुभाषितकोशाची स्तुती करतो, आणि या गाथेचा काळ कोणी कितीही अलीकडे ओढला तरी तो जयदेवाच्या काही शतके आधीच थांबतो.

संस्कृतातही तेच दिसते. वेणीसंहार हे भट्टनारायणाचे नाटक द्रौपदीच्या मोकळ्या केसांचे, म्हणजे निखळ महाभारताचे; आणि त्याच्या नांदीत, म्हणजे आरंभीच्या मंगल श्लोकांत, यमुनेच्या वाळवंटात रास सोडून रुसून निघालेल्या राधिकेमागे कृष्ण जातो आहे. महाभारतावर लिहिणाऱ्या नाटककारालाच मंगलाचरणासाठी राधा आठवली, हे त्या मजकुराच्या लेखकांनी अवश्य पाहावे. 9व्या शतकातील काश्मीरचा काव्यशास्त्रकार आनंदवर्धन या नाटकातील श्लोक उद्धृत करतो, म्हणजे नाटक त्याच्या आधीचे. त्याच्याच ध्वन्यालोक या ग्रंथात आणखी एक श्लोक आहे, ज्यात दूर गेलेला कृष्ण यमुनातीरावरच्या लतामंडपांचे कुशल विचारतो, कारण ते राधेच्या एकांताचे साक्षीदार आहेत. 10व्या शतकात माळव्याचा परमार राजा वाक्पती मुंज याच्या ताम्रपटांच्या आरंभी राधेच्या विरहाने तळमळणाऱ्या मुरारीला वंदन आहे. पोथीत कोणी मागाहून ओळ घातली असे म्हणता येईल, पण तांब्यावर कोरलेल्या राजाच्या दानपत्राविषयी तसे म्हणणे कठीण आहे.

मोगल आणि इंग्रज यांच्याविषयीचा आरोप यामुळे आपोआप गळून पडतो. बाबराची पानिपतची लढाई 1526 ची आणि प्लासी 1757 ची. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात गीतगोविंदच गायले जावे असा ओडिशाच्या प्रतापरुद्रदेव राजाचा शिलालेख 1499 चा आहे.

कृष्णाच्या वयाचा मुद्दा मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. कृष्ण 11 वर्षे व्रजात राहिला, हे भागवताच्या तिसऱ्या स्कंधात उद्धव सांगतो. पण त्याच भागवतात रास आहे, आणि रास संपताच परीक्षित राजा भागवत सांगणाऱ्या शुकांना सरळ विचारतो की, धर्मस्थापनेसाठी अवतरलेल्याने परस्त्रियांशी असे का वागावे? आज बदनामी म्हणून जी शंका मांडली जाते ती ग्रंथानेच राजाच्या तोंडून मांडली आहे आणि शुकांच्या तोंडून तिला उत्तरही दिले आहे. ते उत्तर कोणाला पटो वा न पटो, पण ज्या ग्रंथाने काही लपवलेले नाही त्यावर कोणा परक्याने डाव साधला असे म्हणणे हा त्या ग्रंथावरच अन्याय आहे.

राहिला महाराष्ट्र. मराठीत रुक्मिणीचा मान मोठा आहे. महदंबेचे धवळे, म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गीते, नरेंद्राचे आणि एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर ही त्याची साक्ष. म्हणून राधा परकी ठरत नाही. तेच एकनाथ गौळणीत राधा आणि हरी यांचे एकमेकांना पाहून भान हरपलेले दाखवतात: ती रिकामा डेरा घुसळते, तो बैलाची धार काढायला बसतो, आणि शेवटी मन मनाला मिळून दोघांत वेगळेपण उरत नाही. यात बदनामी शोधणाऱ्याला नाथांचा जनार्दन कधी दिसणार नाही. शिवाय ‘युगे अठ्ठावीस’ ही आरती आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. तिच्यात ‘राही रखुमाबाई राणीया सकळा’ अशी ओळ आहे, आणि माझ्या घरात कित्येक वर्षे ‘राही’चा अर्थ कोणी विचारला नव्हता. दधीचे दही झाले, बधिराचा बहिरा झाला, तशी राधिकेची प्राकृतात राहिआ आणि मराठीत राही झाली. गाथासप्तशतीतली राहिआ ती हीच. पंढरपूरच्या मंदिरात रखुमाई आणि सत्यभामा यांच्याप्रमाणे राहीचेही स्थान आहे, आणि आरतीत विठोबाला ओवाळताना तिचे नाव रखुमाईच्याही आधी घेतले जाते.