ऑटोक्लेव्हला पुरून उरणारा जंतू आणि घाबरवणारा फॉरवर्ड

ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: समुद्रतळाशी ४०० अंशांच्या पाण्यात राहणारा, लोखंड खाणारा, जगातला सर्वांत उष्णताप्रेमी जंतू सापडलाय, तो ऑटोक्लेव्हमध्येही (उपकरणं १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातही) मरत नाही, त्यामुळे हॉस्पिटलातल्या उपकरणांचा भरवसा संपला.

‘ऑटोक्लेव्हमध्ये मरत नाही.’ हे खरंय. ईशान्य प्रशांत महासागरातल्या हुआन दे फुका या समुद्रतळावरच्या डोंगररांगेतल्या उष्ण झऱ्यातून मिळालेल्या या ‘स्ट्रेन १२१’बद्दल काशेफी आणि लव्हली या संशोधकांनी २००३ मध्ये लिहिलं. १२१ अंशांवर चोवीस तासांत त्याची संख्या चक्क दुप्पट झाली. १३० अंशांवर मात्र वाढ थांबली.

‘म्हणून उपकरणं असुरक्षित.’ इथे गाडी घसरते. ८५ अंशांच्या खाली हा जीव वाढतच नाही. तापाने फणफणलेला माणूसही त्याला थंडगारच! शिवाय त्याला ऑक्सिजन नसलेली जागा लागते. हॉस्पिटलला खरी काळजी असते ती चिवट जिवाणूंच्या बीजाणूंची (म्हणजे त्यांच्या टणक, सुप्त रूपांची), आणि ते दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटांत मरतात. ऑटोक्लेव्ह नीट चालतोय का, हे तपासायलाही असेच बीजाणू आत ठेवतात.

‘लोखंड खातो.’ खात नाही, लोखंडावर श्वास घेतो. आपण अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतो. हा ते गंजासारख्या लोह ऑक्साइडच्या हवाली करतो. प्रयोगात त्याचं खाणं होतं फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचा क्षार. बाटलीत त्याला तांबूस लोह ऑक्साइड दिलं की त्याचं काळं मॅग्नेटाइट होतं, आणि बाहेरून लोहचुंबक लावला की ती काळी भुकटी काचेला येऊन चिकटते. पुलाचे गर्डर किंवा जहाजाचा पत्रा फस्त करण्याशी याचा काही संबंध नाही.

‘४०० अंशांत राहतो.’ झऱ्याच्या तोंडाशी पाणी साडेतीनशेच्या वर जातं, पण बाहेरचा समुद्र जेमतेम २ अंशांचा. मधल्या खनिजांच्या सच्छिद्र भिंतीत काही सेंटिमीटरांतच तापमान झपाट्याने उतरतं. जीवसृष्टी या भिंतीत असते, उकळत्या धारेत नव्हे.

‘जगातला सर्वांत उष्णताप्रेमी जीव.’ होता. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी हिंदी महासागरातल्या काइरेई झऱ्यातला, मिथेन तयार करणारा एक आर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव) सुमारे २०० वातावरणांच्या दाबाखाली १२२ अंशांवर वाढवून दाखवला. त्याला लोह ऑक्साइडची गरज पडत नाही. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर त्याचं भागतं.