काय होत न्हाई गा!

घरात नवा फ्रिज आला की आधी त्याची माहितीपुस्तिका खोक्यातून काढा आणि न उघडता लाइट बिलांच्या पिशवीत घाला. पुस्तिका वाचणाऱ्या माणसाबद्दल गल्लीत उगाच शंका घेतल्या जातात. मग फ्रिजला हळद-कुंकू लावा, नारळ फोडा आणि तो भिंतीला अगदी चिकटवून उभा करा. मागे चार बोटं जागा सोडली तर म्हणे आतली उष्णता बाहेर पडते आणि कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. यंत्राचे इतके लाड केले तर उद्या ते जेवायलाही मागेल.

आता प्लग. त्याला तीन पिना असतात आणि त्यातली एक लांब नि जाड असते. ती मुद्दाम तशी केलेली असते. प्लग घालताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं, म्हणजे आतली वायर सोलून पत्र्यात करंट उतरला तरी तो तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, अशी योजना. पण आपल्या घरातला बोर्ड दोन भोकांचा असला तर? ती पिन पकडीने पिरगाळून मोडा. बोर्ड तीन भोकांचा आणि प्लग दोन पिनांचा असला, तर वरच्या भोकात काडेपेटीची काडी खुपसून आतली झापडं उघडा. लहान पोरांनी भोकात खिळे घालू नयेत म्हणून ती झापडं बसवलेली असतात. हे काम पोरांसमोरच करा, म्हणजे त्यांनाही युक्ती कळते.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत परसात अर्थिंगचा खड्डा असायचा. मीठ, कोळसा घालून त्यात पाइप पुरलेला. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायची पद्धत होती, कारण कोरड्या मातीतून करंट नीट उतरत नाही. आता त्यावर फरशी घालून दुचाकी लावलेली असते. छान दिसतं. बोर्डातली हिरवी वायर तर बऱ्याच ठिकाणी कशालाच न जोडता आत गुंडाळून ठेवलेली असते, रंगसंगतीसाठी असावी.

एवढं झालं की पावसाळ्यात कधीतरी फ्रिजचं हँडल चावू लागतं. घाबरू नका. कुत्रा चावला तर धावत इंजेक्शन घ्यायला जाणारी आपण माणसं, फ्रिज चावला तर चप्पल घालतो. दारापुढे एक रबरी पायपुसणं टाका आणि पाहुण्यांना अगोदर सांगून ठेवा, ‘‘उलट्या हातानं उघडा हं.’’ वायरमनला बोलवू म्हणणाऱ्याला घरातलं वडीलधारं कोणीतरी गप्प करतंच, ‘‘काय होत न्हाई गा! ईस वर्सं असाच हाय त्यो.’’

तरी कोणा शहाण्याने तुमच्या मेनबोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडून माणूस वाचवणारी कळ, बसवून दिली असेल, तर तुमचा पावसाळा वाया गेलाच. 30 मिलिअँपियर करंट भलतीकडे गळायला लागला की ती पट्‌कन पडते आणि घरभर अंधार. जादा करंट ओढला की पडणारी साधी एमसीबी त्या मानाने गुणी. ती वायर जळू नये म्हणून असते, तुमच्या जिवाशी तिला कर्तव्य नाही. तुम्ही गिझरला चिकटून राहिलात तरी ती शांत राहू शकते. खानापूरकडे जूनपासून भिंतींना ओल चढते, बोर्डात पाणी पाझरतं आणि आरसीसीबी दर तासाला पडते. आता गळती कुठे आहे ते शोधायचं, की आरसीसीबीलाच दोषी धरायचं? अर्थात दुसरं. आखूड वायर टाकून तिला बायपास करा. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं असं म्हणतात. ते शोभेचं समजा. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांनी तर वाचलेल्या पैशांतून आरसीसीबी घेण्याचा विचारही मनात आणू नये.

पाणी तापवायचा रॉड सहा अँपियरच्या एक्स्टेन्शनवरच लावा. पंधराशे वॉट भागिले 230 म्हणजे साडेसहा अँपियर, असली गणितं शाळेत सोडून यायची असतात. त्याच पट्टीवर इस्त्रीही लावा. प्लास्टिक मऊ होऊन वास आला की खिडकी उघडा. आणि पाणी तापलं का हे रॉड चालू असताना बोट बुडवूनच बघायचं. बादली पत्र्याची असेल तर फारच उत्तम.

मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग आणि केबल काढू नका, क्रिकेटची शेवटची षटकं चुकतील. वीज जवळ पडली तर साधा स्पाइक गार्ड काही करू शकत नाही, पण त्याचा लाल दिवा बघून मनाला आधार वाटतो, तोही कमी नाही. लाइट गेली तर सगळी बटणं चालूच ठेवा. ती परत येते तेव्हा कधी कमी, कधी भलत्याच दाबाने येते. त्या पहिल्या झटक्याला फ्रिज, पंप, टीव्ही सगळे एकदम हजर असले पाहिजेत.

फुगलेला मोबाइल? मागचं झाकण दाबून बसवा, रबर लावा, चार्जिंगला लावून उशीखाली ठेवा.

आणि इन्व्हर्टर. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आणायला पैसे पडतात, बोअरचं पाणी फुकट आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवायची असते. तुम्ही देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वर समई, खाली बॅटरी.

राहता राहिला मेन स्विच. तो कुठे आहे हे बायकापोरांना सांगायची गरज नाही. जिन्याखाली असेल तर त्याच्यापुढे आधी तांदळाची पोती लावा, त्यावर गणपतीच्या मखराची खोकी, आणि उरलेल्या फटीत लोखंडी शिडी. टीव्हीतून धूर आलाच तर शिडी कोणी काढायची, यावरून आधी घरात वाद होऊ द्या. तोवर कोणीतरी बादली घेऊन येईलच.