स्लायडर आणि बंपरवरच्या गंजाच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला आणि तिन्ही फोटो मोठे करून नीट पाहिले. तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे: आमचे रॉक स्लायडर (गाडीच्या दाराखाली बसणारे, दगडांचा मार झेलणारे पोलादी पाइप) आणि पुढचा बंपर बसवून अकरा महिने झाले. स्लायडरच्या खाचांच्या कडांना गंज धरलाय, तळाला टवके उडालेत, बंपरच्या बोल्टांखालून तपकिरी ओघळ उतरलेत. आम्हाला फोन केलात तर ‘गाडी धूत नसाल’ असं ऐकवून विषय संपवला. म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘काळ्या रंगाखाली उघडं लोखंड विकतात.’

आधी फोनबद्दल. ते उत्तर चुकीचं होतं आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. फोटो न मागता, गंज नेमका कुठे आलाय हे न विचारता ग्राहकावर दोष ढकलला गेला. फोन घेणाऱ्या मुलाला मी बोल लावणार नाही, कारण अशा तक्रारीत काय विचारायचं हे मीच त्याला कधी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तुम्ही गाडी रोज धुतली असती तरी खाचांच्या कडांना गंज आलाच असता.

तो गंज आमच्या कामातल्या दोषामुळे आला आहे. तुमच्या दुसऱ्या फोटोत सुटलेल्या पोपड्याची आतली बाजू दिसते. ती काळपट करडी आहे, आणि मला तिथेच कारण कळलं. स्लायडरच्या खाचा लेझरने, ऑक्सिजन वापरून कापलेल्या असतात. असं कापताना कडेवर ऑक्साइडची पातळ, कडक खपली तयार होते. पावडर (भट्टीत वितळवून बसवायचा भुकटीचा रंग) त्या खपलीला घट्ट चिकटते, पण खपली स्वतः पोलादाला घट्ट धरून नसते. गाडी हादरते, उन्हात तापते, पाण्यात गार होते, आणि एक दिवस खपली वरच्या थरासकट सुटून येते. शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे धातूच्या छर्ऱ्यांच्या माऱ्याने, ती निघायला हवी. सपाट बाजूवर ती निघतेही, पण अरुंद खाचेच्या आतल्या कडेवर छर्ऱ्यांचा मारा तिरका आणि अपुरा बसतो. तिथे हाताने घासणं गरजेचं होतं. तुमच्या स्लायडरवर ते झालेलं नाही.

दुसरी गोष्ट धारेची. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून पसरते आणि मग पक्की होते. वितळलेली असताना ती धारदार कडेपासून मागे सरकते. त्यामुळे सपाट भागावर ८० मायक्रॉनचा थर असला तरी तीक्ष्ण कडेवर त्यातला थोडाच उरतो. मापयंत्र सपाट जागी टेकवलं की आकडा छान येतो आणि तपासणारा पुढे जातो. कडा गोल केलेल्या असतील तर थर टिकतो. रंगकामाआधी पोलाद कसं तयार करावं याचं आयएसओ ८५०१-३ हे मानक आहे, त्यात सर्वांत कडक दर्जासाठी किमान २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सांगितली आहे. आमच्या खाचांना बोट लावलं तर धार जाणवते.

आता ‘उघडं लोखंड’ या शब्दांबद्दल. अगदी उघडं नव्हतं, पण तुमचा राग मला चुकीचा वाटत नाही. बंपरला खाली झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर आहे आणि वर पॉलिस्टर पावडर. स्लायडरला मात्र फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून पोलादावर केलेली रासायनिक प्रक्रिया) आणि त्यावर पॉलिस्टरचा एकच थर. दोन्हींच्या माहितीत आम्ही एकच शब्द लिहिला होता: ‘गंजरोधक पावडर कोटिंग’. ही चूक मला खाचांच्या कडांपेक्षाही जास्त खटकते. पावडर कोटिंग हे फक्त आवरण आहे. ते अखंड असेल तोवर पाणी आणि हवा पोलादापर्यंत पोचू देत नाही. एकदा फाटलं की त्या जागेपुरतं त्याचं काम संपलं. झिंकचं तसं नाही. थर खरवडला गेला तरी शेजारचं झिंक आधी झिजतं आणि पोलादाला काही काळ सांभाळतं. जे अंग दगडांवर घासलं जाणार हे ठाऊकच आहे, त्याला झिंक हवंच होतं. आम्ही ते बंपरला दिलं आणि स्लायडरला नाही.

आमच्या माहितीपत्रकात मीठ-फवारा चाचणीचे तासही छापलेले आहेत. त्या चाचणीत ३५ अंश तापमानाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं सतत धुकं सोडतात. आम्ही ती सपाट, कड झाकलेल्या पट्टीवर केली होती. त्या तासांचा रस्त्यावरच्या वर्षांशी सरळ हिशोब जुळत नाही, आणि खाचेच्या कडेबद्दल तर ते काहीच सांगत नाहीत. तो आकडा आम्ही काढून टाकतो आहोत.

बंपरच्या ओघळांचं कारण वेगळं आहे. आम्ही सोबत दिलेले बोल्ट स्टेनलेसचे, दातेरी फ्लँजचे, म्हणजे डोक्याखाली दाते असलेली चकती जोडलेले होते. आवळताना ते दाते थर कापत जातात, आणि फ्लँजखाली साचलेलं पाणी लवकर वाळत नाही. त्या ओल्या जागी स्टेनलेस आणि साधं पोलाद एकमेकांना टेकले की झिजतं ते साधं पोलाद. उघडी जागा जितकी लहान, तितकी झीज त्या एका ठिकाणी जोरात होते. तुम्हाला झिंक-फ्लेक (झिंकच्या बारीक पापुद्र्यांच्या) लेपाचे बोल्ट आणि सपाट वॉशर पाठवतो. जुने बोल्ट एकेक करून काढा, भोकाच्या कडेला गंजरोधक मेण लावा आणि नवे बसवा. सगळे एकदम सोडू नका. प्लॅस्टिकचे वॉशर वापरा असा सल्ला कुणी दिला तर बंपरला तो मानू नका, कारण दाबाखाली प्लॅस्टिक बसत जातं आणि बोल्ट सैल होतात.

तिसऱ्या फोटोतल्या, स्लायडरच्या तळाकडच्या टवक्यांबद्दलच्या तक्रारीशी मात्र मी सहमत नाही. ते दगडाच्या माराने उडाले आहेत आणि कोणतंही कोटिंग तिथे शाबूत राहिलं नसतं. स्लायडर मार खातो म्हणून दाराखालची चौकट वाचते. अशा टवक्याला हात लवकर लावावा लागतो, हे आम्ही बसवतानाच सांगायला हवं होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो थराखाली सरकत जातो आणि थर उचलत जातो. आज नखाएवढं दिसणारं काही महिन्यांत तळव्याएवढं होतं.

त्यासाठी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. थर जिथवर सैल आहे तिथवर काढत जा आणि जिथे तो घट्ट धरलेला आहे तिथे थांबा. मग १२० नंबरने थराची कड उतरती करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, झिंक प्रायमरचा हात द्या आणि पूर्ण वाळल्यावर वर काळा रंग. गंजावरच रंग मारू नका. गंज बदलणारं रसायन पेपर पोचत नाही अशा खड्ड्यातच वापरा, आणि त्यावर झिंक प्रायमर लावू नका. झिंकला उघड्या धातूचा स्पर्श लागतो, नाहीतर तो साध्या रंगासारखाच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. स्लायडरच्या पाइपच्या आत पावडर जवळजवळ जात नाही. विद्युतभारित कण तोंडाशीच ओढले जातात. म्हणून तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजली तर पाइप आतून सडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खारट पाण्यातून किंवा चिखलातून आलात की साध्या पाण्याने खालून धुवा, त्या भोकांत तार घालून बघा, आणि वर्षातून एकदा आत मेणाचा फवारा द्या. प्रेशरचा नोझल मात्र टवका उडालेल्या जागेजवळ नेऊ नका.

दोन्ही स्लायडर आमच्याकडे पाठवा. वाहतूक आमच्या खर्चाने होईल. जुना थर पूर्ण काढून, खाचांच्या कडा हाताने गोल करून, झिंक प्रायमर आणि पॉलिस्टर असे दोन थर देऊन परत करू. कोटिंगआधी कडांचे फोटो तुम्हाला पाठवू आणि तुम्ही होकार दिल्यावरच काम पुढे नेऊ. आमच्यावरचा विश्वासच उडाला असेल तर स्लायडरचे पूर्ण पैसे परत देतो, तेही तितकंच योग्य आहे. यासाठी अभिप्राय बदलायची अट नाही, तो आहे तसा राहू द्या. त्याच खेपेतले स्लायडर घेतलेल्या बाकी सगळ्यांना आम्ही या आठवड्यात स्वतःहून कळवतो आहोत.

पाठवण्याआधी खाचांवर तेल, ग्रीस, मेण काहीच लावू नका. ते सुटलेल्या थराखाली शिरतं आणि मग नवी पावडर तिथे धरत नाही. नुसत्या पाण्याने धुवून, कोरडे करून पाठवा.