ताम्हिणी उतरू नका, चढा (आणि तेही दसरा झाल्यावर)

पाऊस संपला की पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्लॅन पडतो, रविवारी पहाटे चांदणी चौकातून निघायचं, पौड, मुळशी, ताम्हिणी, घाट उतरून विळ्यापर्यंत जायचं, तिथे मिसळ हाणायची आणि टेम्पोत सायकली टाकून परत. मला या प्लॅनबद्दल बऱ्याच दिवसांपासून बोलायचंय. सीझन एकदम बरोबर निवडलाय तुम्ही, दिशा मात्र उलटी.

आधी सीझनचं. ताम्हिणी म्हणजे जुलै-ऑगस्ट असं डोक्यात बसलंय लोकांच्या, पण तेव्हा तिथे सायकल चालवून काय दिसतं सांगा, धुकं, समोरच्या गाडीचे पार्किंग लाईट आणि धबधब्याखाली शर्ट काढून नाचणारी जनता. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर, हा खरा काळ. मुळशीचा जलाशय भरलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, सोनकी अजून कुठेकुठे पिवळी, गवत वरून सोनेरी व्हायला लागलेलं आणि जंगल मात्र गच्च हिरवं. आता कोणीतरी म्हणणारच की परदेशात या दिवसात कसली लाल-केशरी झाडं असतात, आपल्याकडे कुठे. अहो आपल्या झाडांना थंडीची भीतीच नाही तर ती आत्ता कशाला पानं टाकतील, त्यांना चिंता पाण्याची, म्हणून आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चमधे. लालच बघायचं असेल तर तेव्हा या, कुसुमाच्या झाडाला नवी पालवी फुटते ती लालभडक असते. असो.

आता दिशेचं. घाट उतरताना माणूस जंगल बघतच नाही. बघूच शकत नाही! नजर रस्त्यावर, बोटं ब्रेकवर, कानात नुसता वारा. त्यात पावसाने वळणावळणावर बारीक खडी आणि दरडीची माती आणून टाकलेली असते, ती नोव्हेंबरपर्यंत कोणी उचलत नाही, आणि पुढचं चाक तिच्यावर गेलं की संपलं. म्हणजे एवढ्या लांबून जंगलासाठी यायचं आणि अर्ध्या तासात डांबर बघत खाली जायचं, याला काय अर्थ आहे.

चढताना ताशी सात-आठ किलोमीटरने जाता ना, तेव्हा सगळं दिसतं आणि मुख्य म्हणजे ऐकू येतं. वरच्या फांद्यांत शेकरू कडकड करत असतं ते गाडीतल्या माणसाला जन्मात कळणार नाही. कारवीच्या झुडपांत अधूनमधून पाण्याची बारीक धार अजून चालू असते. (कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे फुलं दिसतील म्हणून जाऊ नका, पण ते उतारच्या उतार भरलेलं रान नुसतं बघायलाही भारी वाटतं.) 2013 साली इथे अभयारण्य झालं. वर ताम्हिणी गावात विंझाईचं देऊळ आहे, तिथे टेका, चढ संपल्यावर बसायला त्याच्यासारखी जागा नाही.

आणि सगळ्यात मोठं कारण, जे कोणीच लक्षात घेत नाही, ते म्हणजे ऊन. सह्याद्रीची भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, सकाळी सूर्य तिच्या मागे असतो. त्यामुळे विळ्याकडून सातला चढायला लागलात तर बराचसा घाट डोंगराच्याच सावलीत होतो. पुण्याहून निघालेला माणूस घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत नऊ-दहा वाजलेले, आणि त्यातल्या कोणाला उलटं चढून यायची हौस आली तर दुपारचं ऑक्टोबर हीटचं ऊन थेट पाठीवर. मग ग्रुपवर मेसेज, "ताम्हिणी लई टफ आहे भावा". ताम्हिणी टफ नाही हो, पाचशे मीटरच्या आसपासची चढाई आहे, खालचे गिअर असतील तर साधी हायब्रिड सायकलसुद्धा चढते, तुम्ही वेळ चुकीची घेताय.

त्यापेक्षा शनिवारी पाच-सहा जणांनी मिळून पिकअप करून घाटाखाली कोकणात माणगावला मुक्कामाला जायचं. अंधारात लाईट लावून निघायचं. निजामपूरच्या बाजूला या दिवसात हळवं (लवकर पिकणारं) भात कापून पेंढ्या बांधलेल्या असतात आणि गरवं (उशिरा पिकणारं) अजून उभं असतं, त्या ओल्या पेंढ्याचा वास विळ्यापर्यंत सोबत येतो. कोकणात दमट असतं, घाम येतो भरपूर, दोन बाटल्या भरून घ्याच, मधे घाटात रेंजही जाते, तेव्हा पंक्चरचं सामान प्रत्येकाचं स्वतःचं.

विळ्याजवळून भिऱ्याचा फाटा जातो. वर जे मुळशीचं पाणी आपण बघणार असतो तेच डोंगर फोडून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, 1927 पासून, आणि मग कुंडलिकेत जातं, कोलाडला राफ्टिंग करतात ते त्याच पाण्यावर. पाणी खाली आलंय आणि आपण पायाने वर चाललोय, हे डोक्यात ठेवून चढायला मजा येते. वर पोचल्यावर तळ्याकडे बघताना एवढंही आठवा की त्याच्याखाली मावळ्यांची भातशेती आणि गावं आहेत, ज्यांच्यासाठी 1921 मधे सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला. नुसतं सेल्फीचं बॅकग्राऊंड नाहीये ते.

एक गोष्ट कबूल, पुण्याकडचा शेवट वाईट आहे. तळ्याकाठचा वरखाली रस्ता मस्त, पौडपर्यंतही चालतंय, पण पिरंगुटनंतर रविवारी दुपारी जे ट्रॅफिक लागतं त्यात सगळी मजा जाते. मी तर म्हणतो पौडलाच थांबा, पिकअपवाल्याला तिथे बोलवा, यात काही कमीपणा नाही. स्ट्राव्हा ॲपवर शंभर किलोमीटर भरले नाहीत म्हणून कोणी मरत नाही.

आता मला हेच वरंधला करायचंय, महाडकडून बिरवाडी, माझेरी करत वर. पावसाळ्यात तो घाट बरेचदा बंदच असतो, नंतर डागडुजी कितपत होते देव जाणे. यंदा दिवाळीच्या आसपास त्या बाजूने कोणी चढणार असेल किंवा आत्ताच जाऊन आलं असेल तर रस्त्याची अवस्था खाली लिहा, फोटो टाकलेत तर फारच उत्तम, फक्त रील नको, रीलमधे खड्डे दिसत नाहीत.