मार्चमध्ये कापला म्हणजे कच्चा? मुळीच नाही

मार्च संपत आला की आमच्या बेसबॉलवेड्या मंडळींच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज फिरतो: "सराव सामने संपल्यावर जे २६ उरतात, ते त्या संघातले सर्वांत चांगले २६. आकडे समोरच असतात. खाली मायनर लीगमध्ये पाठवला तो कमी पडला, सोडून दिला तो संपला." मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वांत वरची लीग, मायनर लीग तिच्या खालची. मेजर लीगबद्दलची ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी विशीतल्या पोरांवर नाहक शिक्का बसतो.

आधी आकड्यांचं बघू. ॲरिझोनात मेसाच्या मैदानावर शिकागो कब्ज या संघाचा सराव सामना हिरवळीवर बसून पाहा. सहाव्या-सातव्या डावापर्यंत मोठे खेळाडू आवराआवर करून गेलेले असतात आणि पाठीवर ऐंशी-नव्वदच्या घरातले नंबर लावलेली मुलं मैदानात येतात. अनुभवी पिचर (चेंडू टाकणारा) नव्या प्रकारचा चेंडू हातात बसावा म्हणून मार खाऊनही तोच टाकत राहतो. कोरड्या हवेत फटका लांब जातो, ते वेगळंच. या आकड्यांवरून कोणाला जोखणार?

बरं, आकडे खरे धरले तरी खाली पाठवलेला कमी पडलेला असतो का? २०१५ चा कब्जचा नवोदित फलंदाज क्रिस ब्रायंट आठवा. त्या मार्चमध्ये फलंदाजीची सरासरी .४२५, म्हणजे दहा संधींत चारहून जास्त यशस्वी फटके; होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) ९. तरीही कब्जने त्याला आयोवाला, आपल्या मायनर लीगच्या संघात, धाडला. कारण दिलं, फिल्डिंग सुधारायची आहे. सीझन सुरू झाल्यावर १२ दिवसांनी, १७ एप्रिलला, तो कब्जच्या रिगली फील्ड मैदानावर उतरला.

हे १२ दिवस नीट समजून घ्या, कारण खरी गोम तिथेच आहे. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्षाची सेवा धरली जाते आणि अशी ६ वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या क्लबशी करार करायला मोकळा, होतो. ब्रायंटचे त्या वर्षी १७१ दिवस भरले. एक दिवस कमी! २०२० नंतर मोकळा होणारा खेळाडू त्यामुळे २०२१ संपेपर्यंत बांधला गेला. त्याने दाद मागितली, पण २०२० च्या सुरुवातीला लवादाचा निकाल क्लबच्या बाजूने लागला. मधल्या काळात हा 'कमी पडलेला' मुलगा २०१५ चा सर्वोत्तम नवोदित ठरला, २०१६ चा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला आणि त्याच वर्षी कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. मला त्या १२ दिवसांचा अजून राग येतो. खेळाडूंची संघटना आणि क्लब यांच्यातल्या २०२२ च्या करारात नियमच आला की सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळेल. निवड निव्वळ गुणांवर होत असती, तर हा नियम लागलाच नसता.

आता उरलेल्यांकडे वळू. ते तरी सर्वोत्तम असतात का? ज्याचे ऑप्शन (खाली पाठवण्याची क्लबला असलेली मर्यादित मुभा) शिल्लक आहेत त्याला बिनधास्त खाली पाठवता येतं. ज्याचे संपले, त्याला आधी वेव्हर्सवर टाकावं, म्हणजे इतर क्लबांपुढे ठेवावं लागतं आणि तिथून दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. म्हणून दोघांत उजवा असलेला पुष्कळदा खाली जातो. रूल फाइव्ह ड्राफ्टमधून (दुसऱ्या क्लबच्या मायनर लीगमधले खेळाडू उचलायची निवड) घेतलेल्याला तर वर्षभर वरच ठेवावं लागतं, नाहीतर मूळ क्लबला परत द्यायची तयारी ठेवावी लागते. २००० साली मिनेसोटाने योहान सँटाना या पिचरला असंच सांभाळलं. त्या वर्षी तो ९ डावांमागे ६.४९ धावा देत होता, संघातल्या चांगल्या पिचरांत त्याची गणती नव्हती. पुढे त्याने २००४ आणि २००६ ला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला.

राहिला 'संपलेला'. फलंदाज मॅक्स मन्सीला ओकलंडच्या क्लबने २०१७ च्या मार्चअखेरीस सोडलं. आदल्या वर्षीची त्याची सरासरी .२०० च्याही खाली होती, तेव्हा क्लबला मूर्ख म्हणणार नाही. लॉस एंजेलिस डॉजर्स या क्लबने त्याला मायनर लीगच्या करारावर घेतलं आणि २०१७ चं अख्खं वर्ष त्याने खालीच काढलं. २०१८ मध्ये वर येऊन त्याने ३५ होमरन मारले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना सात तासांच्या वर रेंगाळला, तो अठराव्या डावात ज्याच्या होमरनने संपला, तो हाच मन्सी.